दम्यासाठी पंप घ्यावा की कॅप्सूलवालं यंत्र?

थ्रेशरमधून तुरीचं कुटार उडायला लागलं की आमच्या मायला दम लागतो. गेल्या साली डॉक्टरांनी विचारलं, पंप देऊ की कॅप्सूलवालं? आम्ही आधी किंमत विचारली. पाहायला हवं होतं ते वेगळंच: दम लागल्यावर मायला श्वास किती जोरात ओढता येतो?

पंपात दाबलेला गॅस असतो, तोच औषध बाहेर ढकलतो. ओढायला जोर लागत नाही, पण वेळ साधावी लागते. डबी हलवायची, श्वास पूर्ण सोडायचा, सावकाश आत घेता घेता एकदाच दाबायचं आणि दहापर्यंत मोजत श्वास धरायचा. माय आधी दाबायची, मग ओढायची. अर्धं औषध जिभेवर, अर्धं हवेत.

कॅप्सूलच्या यंत्रात गॅस नाही, नुसती कॅप्सूलमधली औषधाची भुकटी. ती तुमच्या श्वासानंच आत जाते, म्हणून जोरात आणि खोल ओढावं लागतं. वेळ साधायची भानगड नाही. यंत्र पारदर्शक असेल तर भुकटी उरलेली दिसते. उरली तर पुन्हा ओढायची. पण पावसाळ्यात ओल लागली की तिचे गोळे होतात, म्हणून कॅप्सूल ऐनवेळीच पाकिटातून काढावी. आणि ती गिळायची नाही! शेजारच्या काकांनी आठवडाभर पाण्यासोबत गिळल्या, वरून म्हणे औषधात दम नाही.

जिनिंगवर जाणाऱ्या माझ्या भावाचा श्वास दणकट, त्याला रोजच्या औषधासाठी कॅप्सूल बरी पडते. मायसाठी मात्र पंपच, तोही स्पेसर लावून. स्पेसर म्हणजे पोकळ नळा: फवारा आधी त्यात, मग आरामात ओढा. वेळ चुकायचा प्रश्नच मिटतो. दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी १९९९ साली ५०० मिलिलिटरची प्लास्टिकची बाटली स्पेसर म्हणून दमेकरी मुलांना लावून पाहिली, तीही विकतच्या स्पेसरइतकीच चालली. तरी मिळत असेल तर विकतचाच घ्यावा.

स्टेरॉइडचं औषध असेल तर दोन्हींत नंतर चूळ भरून थुंकायचं, नाहीतर तोंड येतं.

पंप उन्हाळ्यात ट्रॅक्टरवर किंवा टिनाखाली ठेवू नये, तापलेली डबी फुटू शकते. बऱ्याच पंपांत २०० फवारे असतात. औषध संपलं तरी गॅस उरतो आणि फुस्स आवाज येतच राहतो, त्यामुळे भरवसा मोजणीचाच. माय प्रत्येक फवाऱ्याला कॅलेंडरवर रेघ ओढते, दुधाच्या हिशेबाशेजारी.