दहाचं नाणं, एक गोळा: खेळण्यांच्या मशीनचे सहा महिने

दोन मशीन, दोन्ही जुनी, स्टँडसकट साडेअकरा हजारांना पडली. एका बंद पडलेल्या गेम झोनमधली. वर पारदर्शक हंडी, खाली मूठ. दहाचं नाणं खाचेत बसवायचं, मूठ पूर्ण फिरवायची, की खालच्या दारात प्लास्टिकचा गोळा टपकन पडतो. आत भोवरा, अंगठी, चिमुकला डायनोसॉर, असलं काहीतरी. वीज लागत नाही, त्यामुळे मैदानात कुठेही मांडता येतं. विकणारा म्हणाला होता, "साहेब, मांडून ठेवायचं आणि रात्री पैसे मोजायचे." ऑक्टोबरात घेतली, दिवाळीच्या प्रदर्शनापासून जोतिबाच्या चैत्र यात्रेपर्यंत वापरली. विकणाऱ्याच्या बोलण्यातलं पैसे मोजणं तेवढं खरं निघालं.

आधी च्युइंगमच्या गोळ्या भरायच्या डोक्यात होतं. पण खायची वस्तू म्हटली की अन्न सुरक्षेची नोंदणी आली, शिवाय आमच्या सोलापूरच्या उन्हात हंडीत त्यांचा लगदाच झाला असता. म्हणून खेळणी. तिथेही 2021 पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे, हे मला पुण्याच्या बोहरी आळीत अर्धा माल बांधून झाल्यावर कळलं. साडेतीन रुपयांना धरलेला गोळा साडेचारला गेला. तीन वर्षांखालच्या पोरांना देऊ नका, अशी पाटी लावली आहे. पाट्या कोण वाचतंय, म्हणून कडेवर पोर दिसलं की तोंडानेही सांगतो.

दिवाळीचं प्रदर्शन साफ पडलं. टेबलाचं भाडं तीन हजार, तीन दिवसांत गोळे गेले 160. गिऱ्हाईक नव्हतं असं नाही. पोरं हंडीला नाक लावून उभी, आयांच्या हातात फोन, आणि पर्समध्ये एक नाणं नाही. "स्कॅन होतं का हो?" हे मी तीन दिवस ऐकलं.

जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा. होम मैदानावर पाळण्यांच्या रांगेला लागून जागा मिळाली. ही जागा मात्र सोन्यासारखी. मोठं भावंड पाळण्यात, धाकटं खाली रडत, बाप खिसे चाचपतोय. खाण्याच्या गाड्यांजवळ मांडू नका, तिथे सगळ्यांचे हात भेळेने भरलेले असतात.

पहिल्या रात्री घरी येऊन चादरीवर गल्ला ओतला. गोळे 212 गेलेले, म्हणजे 2120 रुपये हवेत. भरले 1872. बायकोने पुन्हा मोजले, तेवढेच. मग तिनेच ढिगातून एकेक पांढरं नाणं वेचायला सुरुवात केली. दोन रुपयांची, 31. साधारण 2005 ते 2010 मधलं दोनचं जे मोठं स्टीलचं नाणं आहे, ते 27 मिलिमीटरचं. दहाचंही 27. वजनात दोन ग्रॅमचा फरक आहे, पण या मशीनला वजन कळत नाही, त्याला फक्त घेर कळतो. कुणा पोराला चुकून शोध लागला असणार आणि अर्ध्या तासात तो सगळ्या पाळण्यांपर्यंत पोचला.

मुठीतली नाण्याच्या मापाची चकती बदलून पाचवर चालवू, असंही वाटलं होतं. तिथे तर आणखी गोंधळ. जुनं पाच 23 मिलिमीटरचं, 2019 च्या मालिकेतलं पाच 25 चं, आणि त्याच मालिकेतलं दोन पुन्हा 23 चं. नाणी पाडणाऱ्यांनी आमच्यासारख्यांचा विचार करावा असं थोडंच आहे!

बाकीच्या रात्री मग मी स्टुलावर बसूनच काढल्या. बारा संध्याकाळी मिळून सुमारे 2900 गोळे. माल, जागा, टेम्पो आणि मदतीचा पोरगा वजा जाता हातात साडेआठ हजारांच्या आसपास राहिले. वाईट नाही, पण रोज पाच तास थंडीत बसून.

एक आजोबा पिशवीभर दहाची नाणी घेऊन आले. त्यांच्या गावात दुकानदार घेत नाहीत म्हणे. रिझर्व्ह बँकेने 2018 मध्येच चौदाही प्रकारची दहाची नाणी चालतात असं सांगितलंय, पण गावोगावी अजून तेच. आजोबांनी उभ्या उभ्या नातवंडांना सोळा गोळे काढून दिले. "तुमचं हे डबडं बरं आहे, विचारत नाही काही," म्हणाले.

फेब्रुवारीत एका मशीनची चकती बदलून 30 मिलिमीटरची केली आणि तेवढीच पितळी टोकनं पाडून घेतली. टेबलावर क्यूआर, पैसे आले की टोकन हातात. बचत गटांच्या दोन दिवसांच्या प्रदर्शनात त्या एकट्या मशीनमधून 340 गोळे गेले. 200 टोकनांपैकी 151 परत आली. उरलेली पोरांच्या खिशातून घरी गेली, त्यांना ती खेळण्यापेक्षा जास्त आवडतात. एक टोकन पाडायला नऊ रुपये पडले, म्हणजे दहात बसतंच की.

नाण्याचं मशीन जोतिबाला नेलं. देवदर्शनाला निघालेला माणूस सुटे घेऊनच घराबाहेर पडतो, त्यामुळे तिथे कुणी स्कॅन विचारलं नाही. दोनची नाणी आलीच, पण मी शेजारीच होतो. त्रास दिला तो गुलालाने. सासनकाठ्या, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्या, गेल्या की हवेतच गुलाल असतो, तो मुठीच्या दात्यांत जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी दुपारी मूठ अर्ध्यावर अडकली, नाणं आत, पोरगी रडायला लागली. हंडीचं झाकण उघडून दोन गोळे दिले तिला.

बाकी किरकोळ. स्टँड हलका आहे, पोरं लटकतात, म्हणून तळात वाळूची पिशवी ठेवा. गल्ला जड होतो: दहाची 500 नाणी म्हणजे जवळपास चार किलो. बँकेत शंभर-शंभरच्या पिशव्या करून नेली, तरी काउंटरवर कपाळाला आठ्या. मी आता चहावाल्यांना आणि पाळणेवाल्यांनाच सुटे देऊन टाकतो, ते वाट बघत असतात.

तिसरं घेणार नाही. आहेत ती दोन्ही सध्या माळ्यावर. टोकनवालं गणपतीत काढायचं, नाण्याचं थेट पुढच्या गड्ड्याला. त्याची मूठ परवा खोलून धुतली, तेल घातलं. फिरवून पाहिली तर खालून गुलाबी थेंब पडला.