आंद्रे ३००० चा ‘न्यू ब्लू सन’ : अनेक महिने ऐकल्यानंतर

‘न्यू ब्लू सन’ आला तेव्हा त्याच्याबद्दलचं बहुतेक लिखाण ‘आंद्रे ३००० ने रॅप सोडून बासरी धरली’ इथेच संपत होतं. बातमी म्हणून ते ठीकच. पण माझ्याकडे हा अल्बम गेले बरेच महिने वाजतोय, आणि आता मला वाटतं, यात सगळ्यात कमी महत्त्वाची गोष्ट कुठली असेल तर ती बासरीच.

ज्यांना आउटकास्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आंद्रे आणि बिग बॉय ही अटलांटाची रॅप जोडी, पहिला अल्बम १९९४ चा. १९९५ च्या सोर्स अवॉर्ड्समध्ये, म्हणजे हिप-हॉपच्या पुरस्कार सोहळ्यात, न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, तेव्हा ‘(अमेरिकेच्या) दक्षिणेलाही काही सांगायचंय’ असं मंचावरून सुनावणारा तो आंद्रेच. २००३ चं त्यांचं ‘हे या!’ हे गाणं तर रॅप न ऐकणाऱ्यांनाही पाठ होतं. २००६ नंतर जोडीचा अल्बम आला नाही. आंद्रे अधूनमधून दुसऱ्यांच्या गाण्यात एखादं कडवं म्हणून जायचा आणि लोक तेवढंच लक्षात ठेवायचे. मग १७ नोव्हेंबर २०२३ ला स्वतःच्या एकट्याच्या नावावर पहिला अल्बम: आठ ट्रॅक, साधारण ८७ मिनिटं, आणि रॅपची एकही ओळ नाही. मुखपृष्ठावरच तसा इशारा छापलाय. मुलाखतीत त्याने कारणही सांगितलं होतं. ४८ व्या वर्षी रॅप करायचा तर कशावर, कोलोनोस्कोपीवर की अधू होत चाललेल्या डोळ्यांवर? (मी तर तो अल्बमही विकत घेतला असता.)

पहिल्या ट्रॅकचं नावच माफीनाम्यासारखं आहे: शपथेवर सांगतो, मला खरंच रॅप अल्बम करायचा होता, पण या वेळी वाऱ्याने मला इकडेच आणून सोडलं. १२ मिनिटं २० सेकंदांचा हा तुकडा बिलबोर्डच्या हॉट १०० मध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत, ९० व्या क्रमांकावर शिरला. एवढं लांब काही त्या यादीत आधी कधी आलंच नव्हतं.

आता वाजवण्याबद्दल. पन्नालाल घोष आणि हरिप्रसाद चौरसिया ऐकत वाढलेल्या कानाला सुरुवातीला त्रास होतो. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणं) नाही, श्वासावर तशी हुकमत नाही. आपल्याकडे आलाप कुठेतरी निघालेला असतो, एकेक स्वर पायरी चढत पुढे जातो. इथे चार-पाच सुरांचा तुकडा येतो, तोच पुन्हा येतो, थांबतो. आपण रीतसर शिकलेलो नाही हे आंद्रे स्वतःच सांगतो. बासऱ्यांच्या जोडीला फुंकून वाजवायचं डिजिटल वाद्यही आहे, त्यामुळे काही ठिकाणी हे लाकूड वाजतंय की यंत्र, हेच कळत नाही. बासरीवादन म्हणून गुण द्यायचे तर मी काठावर पास करेन.

मग इतके महिने ऐकलं कशासाठी? बाकीच्या मंडळींसाठी. लॉस एंजेलिसचा कार्लोस निन्यो घंटा, झांजा, शिंपले, पानं यांची सळसळ मागे सतत हलती ठेवतो. नेट मर्सेरो गिटार अशी वाजवतो की ती गिटार आहे हे सांगावं लागतं. आणि कीबोर्डवर सूर्या बोतोफासिना. हा माणूस ॲलिस कोल्ट्रेनच्या कॅलिफोर्नियातल्या आश्रमात लहानाचा मोठा झाला. जॅझमध्ये पियानो आणि हार्प वाजवणाऱ्या ॲलिसबाई पुढे तुरियासंगीतानंद झाल्या. त्या आश्रमात संस्कृत भजनं ऑर्गन आणि सिंथसायझरवर, काळ्या अमेरिकन चर्चच्या अंगाने गायली जायची. ते ठाऊक असलं की कीबोर्डचे ते लांब, दाट थर वेगळेच ऐकू येतात. या अल्बमची भारताशी नाळ बांबूतून जुळत नाही, ती इथून जुळते. संगीत बरंचसं जागच्या जागी सुचत गेलेलं आहे, आणि त्यात आंद्रेमधला जुना रॅपर एकाच गोष्टीत दिसतो: कधी गप्प बसायचं हे त्याला कळतं. तो उशिरा येतो, लवकर निघतो, मधली जागा इतरांना देतो.

वापराचं सांगायचं तर मोबाईलच्या स्पीकरवर लावू नका, अर्धा अल्बम गायब होतो. बरे हेडफोन हवेत, नाहीतर खोलीत मोठे स्पीकर. काम करताना उत्तम. स्वयंपाकघरातही चालतो, कुकरच्या शिट्ट्या सहज खपून जातात. झोपेसाठी मात्र नको. तिसरा ट्रॅक हवाईत आयाहुआस्का हे भास घडवणारं पेय घेतल्यावर आलेल्या अनुभवाचा आहे. त्यात खर्जातली गुरगुर आणि तालवाद्यं अशी अंगावर येतात की डोळा लागला असेल तर उघडेल. चौथा-पाचवा मी हल्ली ओलांडूनच जातो, एकातून दुसरा कधी सुरू झाला तेही लक्षात येत नाही.

दुसरी तक्रार नावांची. एका ट्रॅकच्या नावात गांधी, दलाई लामा आणि येशू यांच्या शेजारी अमेरिकेतले तीन कुप्रसिद्ध खुनी बसवलेत (गांधींचं स्पेलिंग परदेशात चुकतं तसंच चुकलंय). नावांत एवढा खोडकरपणा, आणि आत संगीत मात्र गंभीर चेहऱ्याचं. त्यातला थोडा वात्रटपणा आत झिरपला असता तर मधली वीसेक मिनिटं वाचली असती.

शेवटचा ट्रॅक, सतरा मिनिटांचा, हे सगळं भरून काढतो. नावात ‘डंजन’च्या जमिनीखाली पुरलेली स्वप्नं आहेत. डंजन म्हणजे अटलांटातलं ते तळघर, जिथे ऑर्गनाइज्ड नॉइझ या संगीत-निर्मात्यांच्या हाताखाली आउटकास्ट घडलं. नवख्यांनी इथूनच सुरुवात करावी, पहिल्यापासून क्रमाने जाऊ नये.

ग्रॅमीने याला अल्बम ऑफ द इयरसाठी नामांकन दिलं आणि पर्यायी जॅझच्या रकान्यातही बसवलं. मोठा पुरस्कार बियॉन्सेला गेला. मला हा जॅझ वाटत नाही, निव्वळ ॲम्बियंट, म्हणजे नुसतं वातावरण भरून राहणारं संगीतही नाही.

मे २०२५ मध्ये त्याने पियानोचे सात छोटे तुकडे काढले, घरी एकट्यानेच रेकॉर्ड केलेले. ते माझ्याकडे लवकरच बाजूला पडले. तिथेही तो तसाच चाचपडत वाजवतो, पण मागे ना निन्यो आहे, ना सूर्या.