पीसीओएसच्या ‘संशोधनात निवड झाली’ म्हणून पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहा

पीसीओएसवर, म्हणजे संप्रेरकांच्या (हार्मोन्सच्या) बिघाडामुळे मुलींची पाळी अनियमित होते त्या आजारावर, संशोधन चालू आहे आणि त्यात तुमच्या मुलीची निवड झाली आहे, असं सांगून पैसे घेणारी मंडळी मुंबईत फिरत आहेत. माझ्या ताईकडून त्यांनी साधारण ४२ हजार रुपये काढले. पैशांचं दुःख आहेच, पण माझ्या वीस वर्षांच्या भाचीची थायरॉइडची गोळी त्यांनी बंद करायला लावली, त्याचा संताप जास्त आहे. तक्रार चालू असल्यामुळे नाव देत नाही. शिवाय नाव ते बदलतातच, पद्धत तीच राहते. म्हणून पद्धत सविस्तर लिहिते आहे.

ताई भांडुपला राहते. संक्रांतीच्या दिवसांत सोसायटीच्या हॉलमध्ये हळदीकुंकू होतं. तिथे दोन बायका आल्या, चांगल्या घरातल्या वाटाव्यात अशा, अगदी शुद्ध मराठी बोलणाऱ्या. वाणाबरोबर प्रत्येकीच्या हातात एक कूपन दिलं: पीसीओएसची मोफत तपासणी, ‘महिला आरोग्य संशोधन प्रकल्पा’तर्फे. भाचीची पाळी कधी दोन महिन्यांनी, कधी चार महिन्यांनी यायची. हनुवटीवर केस, मानेवर काळपट डाग, वजन वाढलेलं. ताईने दादरच्या त्यांच्या ऑफिसात वेळ घेतली.

तिथे काय झालं, हे नीट समजून घ्यायला हवं. कोऑर्डिनेटर म्हणवणाऱ्या मॅडम भाचीशी तासभर बोलल्या. पाळी कधी सुरू झाली, केस कधीपासून गळतात, कॉलेजात कोणी काही बोलतं का, रात्री झोप लागते का, सगळं विचारलं. भाची मला नंतर म्हणाली, “मावशी, इतकी वर्षं मला हे कोणी विचारलंच नव्हतं.” आपल्याकडे पाळी अनियमित असलेल्या मुलीला काय ऐकायला मिळतं? वजन कमी कर. बाहेरचं खाऊ नकोस. लग्नानंतर सगळं सुरळीत होईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार पीसीओएस असलेल्या जवळपास ७० टक्के स्त्रियांचं निदानच झालेलं नसतं. ज्यांचं होतं, त्यांना ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरांची दोन-तीन मिनिटं मिळतात. हे लोक तासभर ऐकून घेतात, आणि त्यांचं खरं भांडवल हेच आहे. भाचीने किंवा ताईने विश्वास ठेवला, यात मला काहीच नवल वाटत नाही.

मोफत तपासणीनंतर सोनोग्राफीला पाठवलं. रिपोर्ट हातात घेऊन मॅडमनी सांगितलं की दोन्ही अंडाशयांत गाठीच गाठी आहेत, आत्ताच काही केलं नाही तर पुढे मूल होणार नाही. ताई रडायला लागली.

आता त्या ‘गाठीं’बद्दल. सोनोग्राफीत दिसतात त्या अंडाशयातल्या बीजाच्या लहान पिशव्या असतात, वाढ अर्धवट थांबलेल्या. काढून टाकाव्यात किंवा विरघळवाव्यात अशा त्या गाठी नव्हेतच. तरुण वयात निरोगी मुलींमध्येही अशा पिशव्या खूप दिसतात. म्हणूनच २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये, पहिली पाळी आल्यापासून आठ वर्षांच्या आत सोनोग्राफीवरून पीसीओएसचं निदान करू नये, असं सांगितलं आहे. भाचीची पहिली पाळी तेराव्या वर्षी आली, म्हणजे ती याच काळात मोडते. मोठ्या वयाच्या स्त्रीतही निव्वळ सोनोग्राफी पुरत नाही. २००३ साली रॉटरडॅमला ठरलेल्या निकषांप्रमाणे तीनपैकी दोन गोष्टी असाव्या लागतात: अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकं वाढल्याची लक्षणं किंवा तसा रक्ताचा रिपोर्ट, आणि अंडाशयांचं ते विशिष्ट रूप. त्यातही आधी थायरॉइडचा बिघाड, प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढणं अशी दुसरी कारणं तपासून बाजूला काढावी लागतात. इथे थायरॉइडची रुग्ण समोर बसलेली असताना थायरॉइडचं काम कसं चाललंय ते सांगणारी टीएसएच ही रक्ततपासणी करायचं कोणी नावही काढलं नाही. आणि पीसीओएस आहे म्हणजे मूल होणार नाही, हे तर साफ खोटं. पुष्कळ जणींना आपोआप दिवस जातात, बाकीच्यांसाठी उपचार आहेत.

घाबरवून झाल्यावर चार दिवसांनी फोन आला: “अभिनंदन, तुमच्या मुलीची अभ्यासात निवड झाली आहे.” औषध मोफत, फक्त सिक्युरिटी डिपॉझिट भरायचं, आणि अभ्यास पूर्ण झाला की ते परत. औषध मोफत म्हटल्यावर डिपॉझिट भरायला कोणाला जड वाटेल? मग ‘मेटाबॉलिक प्रोफाइल’चे वेगळे पैसे झाले. त्यात शंभर पदार्थांपैकी कुठले शरीराला चालत नाहीत हे सांगणारी रक्ततपासणी होती. अशा तपासणीवरून पदार्थ बंद करायला ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांचा स्पष्ट विरोध आहे. तिच्या जोरावर भाचीचं दूध, गहू, शेंगदाणे, डाळी बंद झाल्या आणि त्यांच्याजवळची पावडर सुरू झाली. पावडर अर्थातच औषधात धरली नव्हती, ती विकतच घ्यायची.

फॉर्म इंग्रजीत, सह्या सगळीकडे, प्रत घरी दिली नाही. वर ‘सरकारमान्य’ आणि खाली नोंदणी क्रमांक. ताईने फॉर्मच्या पहिल्या पानाचा फोटो काढून ठेवला होता, म्हणून तो क्रमांक मला नंतर पाहता आला. तो ‘उद्यम’चा क्रमांक निघाला, म्हणजे लघुउद्योग म्हणून केलेल्या नोंदणीचा. संशोधनाशी त्याचा काडीचा संबंध नाही.

सर्वांत वाईट गोष्ट पुढची. “अभ्यासाच्या आधी शरीर शुद्ध हवं, वॉशआऊट पीरियड असतो,” असं सांगून चालू असलेली थायरॉइडची गोळी बंद करायला लावली. वॉशआऊट, म्हणजे आधीचं औषध काही काळ थांबवणं, ही खऱ्या चाचण्यांमधली गोष्ट आहे, त्यांनी कुठून तरी उचललेली. खऱ्या चाचणीत असं काही करायचं तर ते संमतिपत्रात लिहिलेलं असतं, सहभागी लोकांच्या हिताची काळजी घेणाऱ्या नीतिमत्ता समितीने तपासलेलं असतं आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली होतं. कोऑर्डिनेटर फोनवर सांगते म्हणून कोणी गोळी बंद करत नसतं.

मग त्यांनी प्लास्टिकच्या डबीत पांढऱ्या गोळ्या दिल्या. ना स्ट्रिप, ना नाव, ना बॅच नंबर. दहा दिवस घ्यायच्या आणि थांबायचं. थांबल्यावर आठवड्याच्या आत भाचीला पाळी आली. घरात केवढा आनंद! ताईने देवापुढे साखर ठेवली आणि पुढचा हप्ताही भरला. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच, पुन्हा पाळी.

ही युक्ती प्रत्येकीने समजून घ्यावी. त्या गोळ्यांत काय होतं हे आम्हाला अजून सिद्ध करता आलेलं नाही. पण आता जिथे उपचार चालू आहेत, त्या पालिकेच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी वर्णन ऐकल्याबरोबर प्रोजेस्टेरॉन या स्त्री-संप्रेरकाच्या जातीचं औषध असण्याची शंका घेतली. अशा गोळ्या काही दिवस घेऊन थांबवल्या की गर्भाशयाचं अस्तर सुटतं आणि रक्तस्राव होतो. बीज तयार झालं, आजार बरा झाला, असं त्यावरून मुळीच म्हणता येत नाही. डॉक्टरसुद्धा ही औषधं देतात, कारण महिनोन्‌महिने पाळी आली नाही तर अस्तर जाड होत जातं आणि पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. पण ते नाव सांगून, तपासून, चिठ्ठीवर लिहून देतात. इथे स्वस्तातला, सगळ्यांना ठाऊक असलेला परिणाम चमत्कार म्हणून विकला गेला.

इकडे भाची दिवसेंदिवस थकत गेली. सकाळी उठवेना, चेहरा सुजल्यासारखा, केस मूठमूठ गळायला लागले. मॅडमचं उत्तर ठरलेलं, “विषारी द्रव्यं बाहेर पडताहेत.” मी तिला घेऊन रुग्णालयात गेले तेव्हा टीएसएच खूप वाढलेलं निघालं. ग्लुकोज पाजून केलेल्या चाचणीत साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर निघाली. पीसीओएसमध्ये बहुतेकींच्या शरीरात इन्सुलिनला नीट दाद मिळत नाही, मग शरीर ते जास्त बनवतं, आणि जास्तीचं इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरकं वाढवायला लावतं. म्हणून ही ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी महत्त्वाची, अगदी बारीक मुलींमध्येही. हजारो रुपयांच्या त्या ‘मेटाबॉलिक प्रोफाइल’मध्ये नेमकी तीच नव्हती.

ताईने डिपॉझिट परत मागितलं. तेव्हा कळलं की भाचीने एका आठवड्याची डायरी भरली नव्हती. हे ‘प्रोटोकॉल व्हायोलेशन’ झालं, त्यामुळे डिपॉझिट जप्त. व्हॉट्सॲप ग्रुपवर ताईने हे विचारलं, तर तिला ग्रुपमधून काढून टाकलं. काढण्याआधी आणखी काही जणींचे नंबर तिने टिपले होते. त्यांनाही हेच कारण मिळालं होतं, फक्त आठवडा वेगळा.

खरं संशोधन कसं असतं हे मला तुम्हाला सांगावंसं वाटतं, कारण या प्रकाराने लोकांचा संशोधनावरूनच विश्वास उडायला नको. या आजारावर आधीच कमी काम झालं आहे, आणि बायकांनी चाचण्यांत भाग घेतल्याशिवाय ते पुढे जाणार नाही. आपल्या मुंबईतच, परळला, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची प्रजनन आणि बालआरोग्य संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. पीसीओएसशी जोडलेल्या जनुकांचा ‘पीसीओएसकेबी’ हा माहितीसंच तिथल्या शास्त्रज्ञांनी तयार करून सर्वांसाठी खुला ठेवला. खऱ्या चाचणीचे निष्कर्ष कसे असतात तेही पाहा. लेट्रोझोल आणि क्लोमिफिन ही बीज तयार व्हायला मदत करणारी औषधं. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या, पीसीओएस असलेल्या ७५० स्त्रियांवरच्या चाचणीत लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के जणींना मूल झालं, क्लोमिफिन घेणाऱ्यांपैकी १९.१ टक्के जणींना. हा फरक फार मोलाचा ठरला, उपचारांची दिशा त्याने बदलली. दादरच्या ऑफिसातल्या भिंतीवर ‘१०० टक्के मुक्ती, ९० दिवसांत’ असं लिहिलेलं होतं.

संशोधनासाठी सहभागी व्यक्तीकडून पैसे घेता येत नाहीत. आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वांत हे स्पष्ट आहे: नेहमीच्या उपचारांपलीकडचा, संशोधनामुळे होणारा खर्च तिच्यावर टाकायचा नाही. संमतिपत्र तिला समजणाऱ्या भाषेत हवं आणि त्याची प्रत तिला मिळायलाच हवी. औषध देऊन पाहणाऱ्या चाचण्यांची नोंद ‘सीटीआरआय’ या भारताच्या नोंदवहीत करणं २००९ पासून बंधनकारक आहे. तिथला क्रमांक ‘सीटीआरआय’ या अक्षरांनीच सुरू होतो आणि इंटरनेटवर कोणालाही फुकट शोधता येतो. प्रमुख संशोधकाचं नाव आणि नीतिमत्ता समितीचा संपर्क विचारा. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई द्यावी लागते, असं २०१९ चे नियम सांगतात. आमच्या मॅडमना मी फोनवर नीतिमत्ता समितीबद्दल विचारलं, तर त्यांनी फोन ठेवला.

१९५४ च्या औषधं आणि जादूटोणासदृश उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या कायद्यानुसार, पाळीचे विकार औषधाने बरे करतो अशी जाहिरात करणंच गुन्हा आहे. त्यामुळे कूपन, भिंतीवरच्या फलकाचा फोटो, मेसेज हे सगळं पुरावा आहे. आम्ही पोलिसांत आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिली आहे, ग्राहक आयोगातही जाणार आहोत. ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे फी लागत नाही. यूपीआयने पैसे गेले असतील तर जितक्या लवकर होईल तितक्या लवकर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. आम्ही उशिरा केला, तोवर खातं रिकामं झालं होतं.

तुमच्यापैकी कोणाकडे अशा बिनलेबलच्या गोळ्या शिल्लक असतील तर घेऊ नका आणि फेकूही नका. डबीसकट डॉक्टरांना दाखवा आणि तक्रारीसाठी जपून ठेवा. थायरॉइडची, साखरेची, रक्तदाबाची कुठलीही गोळी यांच्या सांगण्यावरून बंद केली असेल, तर आजच आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना ते सांगा.