कमोडोर ६४ की स्पेक्ट्रम: दुरुस्तीसाठी पहिलं मशीन कोणतं घ्यावं?

दोन्ही १९८२ सालचे घरगुती संगणक. माझ्याकडे दोन्ही आहेत. दोन्ही बंद पडलेली आली होती आणि आज दोन्ही चालतात. त्यामुळे कुणी 'यातलं आधी कोणतं घेऊ?' असं विचारलं, की मी नुसतं वाचलेलं सांगत नाही. पण हे एका माणसाचं मत आहे. प्रत्येक जण एक-एकच मशीन उघडून बसलेला असतो, आणि त्याच्या वाट्याला आलेला बिघाड वेगळा असू शकतो.

वापरायचंच म्हटलं तर कमोडोर उजवं आहे, यात मला शंका नाही. खऱ्या कळा असलेला कीबोर्ड, सिड या आवाजाच्या चिपचा तो भरदार आवाज, सरकत जाणारे स्प्राइट, म्हणजे पडद्यावर स्वतंत्रपणे हलणारी छोटी चित्रं. स्पेक्ट्रमचा रबरी कीबोर्ड बोटांना कधीच पुरता सवयीचा होत नाही, आवाज म्हणाल तर फक्त बीपर, आणि आठ बाय आठच्या एका चौकोनात दोनच रंग बसत असल्यामुळे हलणारं चित्र मागच्या रंगात मिसळतं. चित्राच्या जोडणीतही कमोडोरच सोयीचं: मागच्या गोल सॉकेटमधून व्हिडिओ सरळ बाहेर येतो. स्पेक्ट्रमला आरएफच्या डबीत (टीव्हीच्या अँटेनासाठी सिग्नल बनवणाऱ्या) थोडी तारजोड करावी लागते, पण ते अर्ध्या तासाचं काम आहे.

मात्र चालणारं मशीन वापरणं वेगळं आणि बंद मशीन चालू करणं वेगळं. तुमची हौस दुसऱ्या प्रकारची असेल तर माझा कल बदलतो, आणि त्याला कारण एकच आहे: काळा पडदा.

कमोडोर चालू केलं, लाल दिवा लागला आणि पडदा काळाच राहिला, तर त्यावरून तुम्हाला काहीच कळत नाही. पीएलए (कोणत्या चिपने कधी बोलायचं ते ठरवणारी चिप) गेलं तरी काळा, प्रोसेसर गेला तरी काळा, कर्नल रॉम (मशीन सुरू करणारा प्रोग्राम साठवलेली चिप) गेली तरी काळा, मेमरीच्या आठांपैकी एक चिप गेली तरी बहुतेक वेळा काळाच. याचं कारण असं, की व्हिक या चित्राच्या चिपला चित्र काढायला आधी प्रोसेसरने सांगावं लागतं. तिथपर्यंत गाडी पोचलीच नाही, तर व्हिक गप्प बसते. माझ्या मशीनचे यात तीन आठवडे गेले. प्रथम पीएलएवर संशय घेतला, कारण ती चिप तापते आणि जाते असं सगळेच सांगतात. नवी बसवली, पडदा काळाच. मग व्हिक बदलून पाहिली. मग मेमरीच्या चिपांवर बोट ठेवून कोणती गरम लागते ते बघितलं. एकही लागली नाही. शेवटी मेमरीची एकेक चिप (४१६४) काढायला घेतली. बोर्डाला थेट डाग दिलेल्या चिपा, प्रत्येकीला सोळा पाय. दुसऱ्या चिपच्या वेळी एक तांब्याची पट्टी उचकटली, ती बारीक तारेने जोडावी लागली. दोष सहाव्या चिपमध्ये निघाला. ती सबंध वेळ थंडगार होती.

निदान करणारी डेड टेस्ट कार्ट्रिज मिळते, हे खरं. पडदा जितक्या वेळा लुकलुकतो त्यावरून ती खराब चिप सांगते. पण ती चालायला पीएलए, प्रोसेसर आणि व्हिक हे तिन्ही धड असावे लागतात, आणि नवख्या माणसाला नेमकी त्याचीच खात्री नसते.

आता स्पेक्ट्रम. याची चित्र काढणारी यूएलए चिप प्रोसेसरची वाट बघत नाही. खालच्या १६ केबी मेमरीत जे काही पडलेलं असेल ते ती पडद्यावर मांडत राहते. म्हणजे मशीन मेलेलं असलं तरी तुम्ही त्याच्या पोटात बघत असता. त्या मेमरीत आठ चिपा, आणि प्रत्येक चिपकडे प्रत्येक बाइटचा एक-एक बिट. एखादी चिप अडकली की पडद्यावर दर आठ ठिपक्यांनी एक उभी रेघ उमटते. माझ्याकडच्या मशीनवर रंगीत चौकोनांचा गोंधळ होता, पण नीट बघितल्यावर प्रत्येक चौकोनात डावीकडून तिसऱ्या जागी तीच रेघ दिसली. डावीकडचा ठिपका बिट ७, म्हणून तिसरा बिट ५. त्याच बिटाची चिप बदलली आणि संध्याकाळच्या आत पडद्याच्या तळाशी सिंक्लेअर रिसर्चची १९८२ची ओळ आली. इतका आनंद मला कमोडोर सुरू झालं तेव्हाही झाला नव्हता. तेव्हा फक्त सुटल्यासारखं वाटलं होतं.

स्पेक्ट्रमलाही दुखणी आहेतच. खालच्या मेमरीच्या त्या आठ चिपांना (४११६) तीन व्होल्टेज लागतात, आणि उणे पाच गेलं की चिपा मरायला लागतात. म्हणून नवी चिप बसवण्याआधी मीटर लावा: पाय १ वर उणे ५, पाय ८ वर १२, पाय ९ वर ५. यातलं एखादं नसेल तर गुंडाळीजवळचा टीआर४ ट्रान्झिस्टर आधी तपासा, नाहीतर नवी चिपही जाईल. कीबोर्डच्या मेम्ब्रेनच्या (कळांखालच्या पातळ प्लास्टिक पडद्याच्या) पट्ट्या वयामुळे ठिसूळ होतात आणि केस उघडताना तुटतात. नवं मेम्ब्रेन तयार मिळतं, ते आधीच आणून ठेवलेलं बरं. आणि अडॅप्टरच्या पिनचा मधला भाग ऋण असतो. मधला भाग धन असलेला साधा ९ व्होल्टचा अडॅप्टर लावला तर आतलं काहीतरी जळणार.

तरी वीजपुरवठ्याच्या बाबतीतही मी स्पेक्ट्रमकडेच झुकतो. पाच व्होल्टचा रेग्युलेटर त्याच्या बोर्डावर आहे, डोळ्यांसमोर, बदलता येणारा. कमोडोरचा तो बाहेरच्या विटेत (विटेच्या आकाराच्या पॉवर सप्लायमध्ये) असतो, बहुतेकदा रेझिनमध्ये गाडलेला. तो बिघडला की पाचाऐवजी जास्त व्होल्टेज सोडतो आणि मेमरीचा बळी घेतो. त्यामुळे कमोडोर घ्यायचं ठरवलंत, आणि त्याचं सिड ऐकून कुणीही ठरवेल, तर जुनी वीट एकदाही न लावता नवा पॉवर सप्लाय आधी घ्या.

स्पेक्ट्रम घेतलंत तर, पहिली ओळ दिसली म्हणून लगेच केस बंद करू नका. वरची ३२ केबी मेमरी बिघडलेली असली तरी मशीन बऱ्याचदा स्वतःला १६ केबीचं समजून बिनबोभाट सुरू होतं. बेसिकमध्ये (मशीनमध्येच असलेल्या प्रोग्रामिंग भाषेत) 'प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३' ही ओळ द्या. ६५५३५ आलं तर सगळी मेमरी जागेवर आहे. ३२७६७ आलं तर सोल्डरिंग आयर्न अजून थंड होऊ देऊ नका.