दार लॉक होतंय, मग चावी खराब कशी? रिमोट स्टार्टर बसवताना झालेली फसवणूक

माझ्या आईला गुडघ्यांच्या फिजिओथेरपीसाठी आठवड्यातून तीनदा मनीषनगरहून धंतोलीला न्यावं लागतं. वेळ मिळाली ती दुपारी चारची. नागपूरचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. आमची गाडी सोसायटीत उघड्यावर उभी असते. पारा ४५ च्या आसपास असताना चार वाजता दार उघडलं की सीटबेल्टच्या बकलचा हाताला चटका बसतो. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. एकदा गाडीत बसताबसताच तिला घेरी आली, आणि त्याच आठवड्यात मी रिमोट स्टार्टर बसवायचं ठरवलं. वरूनच बटण दाबायचं, गाडी आणि एसी सुरू करायचा, दहा मिनिटांनी आईला खाली आणायचं. मला एवढंच हवं होतं.

शहरातल्या एका कार अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात गेले. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे. आमची गाडी ऑटोमॅटिक आहे, पण चावी फिरवून सुरू होणारी. ते म्हणाले, "मॅडम, वेगळा रिमोट नको, तुमच्याच चावीचं लॉकचं बटण तीनदा दाबा, गाडी सुरू." किंमत १६,५०० रुपये. गाडी रात्रभर ठेवावी लागेल आणि प्रोग्रॅमिंगसाठी दोन्ही चाव्या लागतील, असंही सांगितलं. मी घरी येऊन कपाटातली स्पेअर चावी काढली आणि नेऊन दिली. का लागते, तिचं काय करणार, हे विचारलं नाही. ते विचारायला हवं होतं.

तीन आठवडे सगळं छान चाललं. मग एका दुपारी बाल्कनीतून तीनदा बटण दाबलं, दारं लॉक झाली, दिवे लुकलुकले, पण इंजिन काही सुरू झालं नाही. पुन्हा दाबलं. तेच. खाली जाऊन गाडीजवळ उभं राहून दाबलं, तरी तेच.

दुकानात गेले तर आधी सेल बदलला. मग म्हणाले, चावीचा रिमोट वीक झालाय, सिग्नल पुरत नाही, नवी चावी घ्या. ५,८०० रुपये. नवी चावी आली, तरी गाडी सुरू होईना. मग "ट्यूनिंग" म्हणून १,२०० घेतले. दोन दिवस चाललं, पुन्हा बंद. मधेच आणखी एक त्रास सुरू झाला होता. चावी लावून फिरवली तरी कधीकधी गाडी पहिल्या झटक्यात सुरू होत नसे आणि मीटरवर चावीचं चिन्ह लुकलुकत राही. हे सांगितल्यावर दुकानदार म्हणाला, "मग तर ईसीएमचाच प्रॉब्लेम आहे मॅडम, मोठं काम आहे." ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा गाडीतला कॉम्प्युटर. त्या दिवशी मी गाडी घेऊन परत निघाले. एकूण २३,५०० रुपये गेले होते आणि आई पुन्हा त्याच तापलेल्या सीटवर बसत होती.

ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने अजनीकडचे एक वयस्क ऑटो इलेक्ट्रिशियन सुचवले. छोटंसं दुकान, बाहेर कडुनिंबाखाली दोन गाड्या उभ्या. त्यांनी चावी हातात घेतलीच नाही. म्हणाले, "ताई, तुम्ही दाबा, मी पाहतो." मी तीनदा दाबलं. ते गाडीच्या समोर उभे होते.

"दारं लॉक झाली ना? मग चावी खराब कशी राहील जी?"

त्यांनी समजावलं ते इथे नीट लिहिते, कारण माझे ५,८०० रुपये नेमके हे माहीत नसल्यामुळे गेले. अशा प्रकारच्या स्टार्टरशी आपली चावी थेट बोलतच नाही. चावीचा सिग्नल गाडीचा स्वतःचा रिसीव्हर पकडतो आणि दारं लॉक करतो. बाहेरून बसवलेलं मॉड्यूल गाडीच्या वायरिंगमधून फक्त पाहतं, लॉकची आज्ञा लागोपाठ तीनदा आली का. आली की ते इंजिन सुरू करायला जातं. म्हणजे तीनही वेळा दारं लॉक होत असतील तर चावीने तिचं काम केलेलं असतं, तिचा सेलही ठीक असतो. दोष त्यापुढे कुठेतरी शोधायचा. स्टार्टरसोबत वेगळा रिमोट मिळाला असेल तर गोष्ट निराळी, तिथे रिमोटचा सेल आणि जोडणी आधी पाहावी लागते.

"आता दिव्यांकडे पाहा," ते म्हणाले. पुन्हा दाबलं. लॉकचे दिवे लागून गेल्यावर पार्किंगचे दिवे पाच वेळा लुकलुकले. "गाडी इतके दिवस सांगून राहिली, कोणी मोजलंच नाही." दुकानाने मला माहितीपुस्तिका दिली नव्हती. त्यांनी डॅशबोर्डखालून मॉड्यूल ओढून त्यावरचा नंबर पाहिला, मोबाइलवर त्याचा तक्ता काढला. पाच वेळा म्हणजे बॉनेट उघडं आहे.

बॉनेट तर बंद होतं. पण बॉनेटखाली एक छोटा पिन स्विच बसवतात, मेकॅनिक आत हात घालून काम करत असताना कुणी वरून गाडी सुरू करू नये म्हणून. त्याची बारीक वायर दुकानाने बिजागरीला घासून नेली होती. नखाएवढ्या जागेत प्लास्टिक सोलून तांबं उघडं पडलं होतं आणि ते बॉडीला टेकत होतं. मॉड्यूलला वाटत होतं बॉनेट उघडंच आहे. दोन दिवस चाललं तेव्हा ती वायर जरा सरकली असेल, बाकी काही नाही. त्यांनी वायरवर स्लीव्ह चढवली, बिजागरीपासून लांब नेली. तीनदा दाबलं, गाडी सुरू. दीडशे रुपये घेतले.

मी निघणारच होते, पण सहज चावीच्या चिन्हाचं बोलले. ते थांबले. विचारलं, "स्पेअर चावी दुकानात ठेवली होती का?" मी हो म्हटलं. ती पर्समध्येच होती. त्यांनी पेचकसाने चावीचं कवच उघडलं आणि मला आतली एक छोटी खाच दाखवली. तिथे इमोबिलायझरची चिप असते. इमोबिलायझर म्हणजे ओळखीची चिप जवळ नसेल तर इंजिन सुरू होऊ न देणारी, चोरी टाळणारी यंत्रणा. खाच रिकामी होती.

मग त्यांनी तीच बिनचिपची चावी लावून फिरवली. गाडी सुरू झाली.

"ही सुरू व्हायलाच नको होती जी."

स्टिअरिंगखालचं कव्हर काढल्यावर सगळं समोर आलं. इग्निशन लॉकभोवती एक रिंग असते, तीच चावीतली चिप वाचते. त्या रिंगवर काळी टेप गुंडाळलेली होती आणि टेपखाली भोपळ्याच्या बीएवढी चिप. माझ्या स्पेअर चावीतली. स्टार्टरला चावीशिवाय इंजिन सुरू करता यावं म्हणून गाडीची ओळख पटवणारी चिप कायमची आत चिकटवून टाकली होती. त्यामुळेच माझी नवी चावी लावली की दोन चिपा एकमेकींच्या आड येत आणि चिन्ह लुकलुके. ईसीएमला काहीही झालेलं नव्हतं.

पैशांपेक्षा याने माझे हातपाय गार पडले. जवळजवळ दोन महिने आमची गाडी सोसायटीत, हॉस्पिटलबाहेर, बर्डीच्या बाजारात अशी उभी होती की आकाराला जुळणारी कुठलीही कापून घेतलेली चावी तिला चालली असती. इमोबिलायझर होता, पण त्याला कायमचं गप्प केलं होतं. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी सगळ्या मूळ चाव्या मागते. मी बिनचिपची चावी समोर ठेवली असती आणि उत्तर देत बसले असते.

हे काम नीट करायची पद्धत आहे. त्यासाठी वेगळं बायपास मॉड्यूल येतं, ते फक्त रिमोटने सुरू करतानाच गाडीला ओळख देतं आणि एरवी इमोबिलायझर जसाच्या तसा राहतो. त्याला पैसे जास्त लागतात. ते न लावता माझीच चिप वापरली, आणि मला एका शब्दाने सांगितलं नाही. दुकानात जाब विचारला तर उत्तर मिळालं, "सगळेच असं करतात मॅडम, काम तर झालं ना तुमचं."

ज्यांनी कुणी असं काही बसवून घेतलं आहे त्यांनी आजच स्पेअर चावी एखाद्या जाणत्याकडून उघडून चिप जागेवर आहे का ते पाहून घ्या. काही चाव्यांत चिप बोर्डावरच जोडलेली असते. तिथे चावीचं डोकं अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या चारपाच घड्यांत घट्ट गुंडाळून गाडी सुरू करून पाहा. सुरू झाली तर आतलं कव्हर काढून घ्याच. आणि अजून बसवलं नसेल तर स्वतः गाडीजवळ उभं राहून बसवून घ्या, बायपास कुठला लावणार ते बिलावर लिहून घ्या. बंद गॅरेजमध्ये वरून गाडी सुरू करू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. रस्त्यावर उभ्या गाडीतही नको. चालकाच्या सीटवर परवानाधारक माणूस नसताना सार्वजनिक जागी इंजिन चालू ठेवायला मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १२६ आड येतं. हे दुकानात कुणी सांगत नाही.

मला पक्कं बिल मिळालं नव्हतं, नुसती चिठ्ठी होती. पण पैसे यूपीआयने दिले होते, त्यामुळे तारीख आणि दुकानाचं खातं दोन्ही हाताशी राहिलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली. त्यानंतर दुकानाने नव्या चावीचे ५,८०० आणि ट्यूनिंगचे १,२०० परत केले. स्टार्टरच्या १६,५०० बद्दल बोलायला ते तयार नाहीत. म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात जाते आहे. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही.

चिप काढून चावीत परत बसवल्यावर स्टार्टर अर्थातच बंद पडला. मी तो उतरवूनच घेतला. आता फिजिओथेरपीच्या दिवशी पावणेचारला छत्री घेऊन खाली जाते, चारही दारं उघडते, एसी लावून गाडीत बसून राहते आणि मग आईला फोन करते. रिंगवरून निघालेली काळी टेप मी फेकली नाही. तिच्यावर चिपेचा ठसा अजून दिसतो. ती, मॉड्यूल आणि रिकाम्या खाचेचे फोटो एका पाकिटात घालून वर तारीख लिहून ठेवली आहे.