युद्धातल्या टंचाईची इडली : बंगळूरचे मावळ्ळी टिफिन रूम्स

लालबाग रस्त्यावरील मावळ्ळी टिफिन रूम्समध्ये, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेल्या एमटीआरमध्ये, मी गेलो तो डोशासाठी नव्हे, तर रवा इडलीसाठी. कारण ही इडली दुसऱ्या महायुद्धातील तांदूळटंचाईच्या काळात आपल्याच स्वयंपाकघरात जन्मली, असे हे उपाहारगृह सांगत आले आहे. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तेथून येणारा तांदूळ थांबला. त्याची झळ भातावर जगणाऱ्या दक्षिणेला विशेष बसली. १९४३ मध्ये तर मुंबईतही रेशनिंग लागू झाले. उडुपीकडच्या मय्या बंधूंनी १९२४ मध्ये सुरू केलेल्या या उपाहारगृहापुढचा पेच सरळ होता : तांदूळच नसेल, तर सकाळी येणाऱ्या गिऱ्हाइकापुढे ठेवायचे काय?

त्याचे उत्तर ताटलीत येते. रवा तुपावर परतून दह्यात कालवलेला, सोड्याने फुललेला. त्यात मोहरी, कढीपत्ता, मिरची आणि वर काजू. सोबत बटाट्याचा सागू, म्हणजे कर्नाटकी रस्साभाजी, चटणी आणि पातळ तुपाची लहानशी वाटी. इडली बोटाने मोडली की रव्याचा कण वेगळा जाणवतो, पण ती कोरडी लागत नाही, आणि दह्याचा आंबटपणा आंबवलेल्या पिठाची उणीव भासू देत नाही. साध्या इडलीला तांदूळ, उडीद, वाटण आणि रात्रभराचे आंबवणे लागते. येथे तांदूळ वगळताना उडीदही गेला आणि रात्रीची प्रतीक्षाही. मला या पदार्थाचे खरे कौतुक वाटते ते या हिशेबाचे. एरवी टंचाईतले बदली जिन्नस मूळ जिन्नस बाजारात परतताच विस्मरणात जातात. ही इडली मात्र तांदूळ मुबलक झाल्यावरही टिकली, कारण ती तांदळाच्या इडलीची नक्कल करीत नाही. चवीने ती मला उपम्याच्या अधिक जवळची वाटली. तूप आणि काजू मात्र इतके सढळ आहेत, की रेशनच्या दिवसांत ही चैन कशी परवडत असेल, अशी शंका घास घेताना आल्यावाचून राहत नाही.

कॉफी चांदीच्या पेल्यात येते व ती घ्यावीच. सोमवारी उपाहारगृह बंद असते. सुटीच्या दिवशी सकाळी जायचे झाल्यास वाट पाहण्याची तयारी ठेवावी. पुढे आणीबाणीतील दरनियंत्रणाच्या वेळी मय्यांनी तयार पिठे विकण्यास सुरुवात केली, त्यामुळे रवा इडलीचे पाकीट आज पुण्यातही सहज मिळते; तथापि ही इडली पहिल्यांदा खायची असेल, तर ती येथेच, वाफ जिरण्यापूर्वी खावी.