छापील पवित्र शास्त्र (बायबल), मराठी आर. व्ही. (रिव्हाइज्ड व्हर्जन, म्हणजे सुधारलेलं भाषांतर) : फोन बाजूला ठेवून वाचायचं असेल तर हेच घ्या

आधीच सांगते, फोनवरचं बायबल वाईट आहे असं मला अजिबात म्हणायचं नाहीये. त्यात मराठी आहे, ऑडिओ आहे, वचन शोधायला सोपं जातं आणि पैसे पडत नाहीत. पण रोज वाचायचं, वाचलेलं मनात मुरू द्यायचं आणि विश्वासात टिकून राहायचं असेल तर छापील पवित्र शास्त्राला तोड नाही. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आता तरुण मुलंच काय, मोठी माणसंसुद्धा उपासनेला नुसता मोबाईल घेऊन येतात म्हणून हा रिव्ह्यू लिहायला घेतला.

माझ्याकडे आहे ते बायबल सोसायटीचं, मध्यम साइज, काळं रेक्झिनचं कव्हर. यात फक्त वाचता येतं, दुसरं काहीच करता येत नाही, आणि माझ्या मते हाच याचा सगळ्यात मोठा फायदा. फोनवर काय होतं ते सगळ्यांना माहितीये, नव्या करारातलं इब्री लोकांस पत्र उघडलं, दोन ओळी झाल्या की वरून नोटिफिकेशन उतरतं, कुणीतरी ग्रुपवर गुड मॉर्निंग टाकलेलं असतं, ते बघता बघता लाइट बिल आठवतं, ते भरून होईपर्यंत समोर साड्यांचं रील सुरू झालेलं असतं आणि अध्याय तिकडे तसाच राहतो.

त्याच इब्री पत्राच्या १२ व्या अध्यायाच्या सुरुवातीला सांगितलंय की सगळा भार आणि सहज गुंतवणारं पाप टाकून धीराने धावा, येशूकडे बघत धावा. पाप टाकायचं हे सगळ्यांनाच पटतं हो, पण भाराचं काय? फोन पाप नाही, मॅच बघणं पाप नाही, मंडळीच्या कमिटीच्या मीटिंगा तर नाहीच नाहीत, तरी धावताना पायात येतात त्या याच गोष्टी. येशू जिच्या घरी पाहुणा आला ती मार्था पण पाहुणचारच करत होती ना, तोही खुद्द प्रभूसाठी, तरी लूक १० मध्ये तो तिला म्हणतो की तू पुष्कळ गोष्टींची काळजी करतेस. आणि मार्क ४ मधल्या येशूच्या दाखल्यातलं काट्यांत पडलेलं बी, म्हणजे मनात पेरलेलं वचन, बघा, ते उगवतं, वाढतंसुद्धा, पण प्रपंचाची चिंता आणि पैशाचा मोह त्याची वाढ खुंटवतात आणि पीक काही येत नाही. मला तरी वाटतं आपल्यातले बरेच जण एका दिवसात विश्वास सोडत नाहीत, असेच हळूहळू खुंटत जातात.

आता पुस्तकाबद्दल. ६६ पुस्तकं, ११८९ अध्याय, रोज तीन-चार वाचले की वर्षात पूर्ण होतं. उत्पत्ती आणि निर्गम भराभर जातात, खरी कसोटी तिसऱ्या पुस्तकाला, लेवीयला लागते, अर्पणांचे आणि शुद्धतेचे नियम वाचताना भलेभले गळतात. ॲपवर तिथून एका बोटात उडी मारून स्तोत्रांवर जाता येतं, पुस्तकात मात्र खूण लेवीयमध्येच राहते आणि रोज ती दिसते. सलग किती दिवस वाचलं ते मोजणारे ॲप असतात ना, त्यात तर आकडा तुटू नये म्हणून नुसतं उघडून बंद करणारे लोक मी पाहिलेत, त्याला वाचन कसं म्हणायचं? पुस्तकात पेन्सिलने तारीख घातली, बाजूला एखादी प्रार्थना लिहिली की पुढच्या वर्षी तिथे आल्यावर कळतं तेव्हा आपण काय मागत होतो आणि देवाने काय केलं.

मराठीत हे वचन आपल्या हातात यावं म्हणून कोणी काय सोसलंय तेही आठवावं. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, निराधार बायका-मुलींसाठी काढलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनचा सगळा व्याप सांभाळत अख्ख्या बायबलचं भाषांतर केलं, छपाई मुक्तीच्याच छापखान्यात. १९२१ मध्ये मनोरमा गेली, एकुलती एक लेक, तरी बाईंनी काम सोडलं नाही, शेवटची प्रुफं तपासून झाली आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. माझ्या हातातलं भाषांतर वेगळं आहे, पण वाचायचा कंटाळा आला की मला त्या बाईच आठवतात.

काही गोष्टी घ्यायच्या आधी माहीत असू द्या. एवढी पानं म्हटल्यावर कागद पातळच असणार, हायलायटर आणि जेल पेन मागे उमटतं, पेन्सिलच वापरा. ज्यांना चाळीशी लागलीये त्यांनी मोठ्या अक्षराचीच प्रत घ्यावी, आजी-आजोबांसाठी तर नक्कीच. भाषा थोडी जुन्या वळणाची आहे, नव्या करारातली पत्रं लिहिणाऱ्या पौलाची लांबलचक वाक्यं मनातल्या मनात डोक्यात शिरत नाहीत, मोठ्याने वाचली की बरोबर कळतात, घरच्या प्रार्थनेत आळीपाळीने वाचून बघा. लोकलच्या गर्दीत हे उघडणं अवघड आहे, तिथे नवा करार आणि स्तोत्रसंहिता असलेली छोटी प्रत बरी पडते, नाहीतर ऑडिओ ऐका, फक्त नोटिफिकेशन बंद करून.

आणि दृढीकरणाला (कन्फर्मेशन, चर्चमधला विश्वास पक्का करण्याचा विधी) मुलांना भेट द्यायची असेल तर चेनचं कव्हर असलेलं घ्या, थोडं महाग पडतं पण दप्तरात पानं दुमडत नाहीत.